मामाच्या नावाची बी.ए.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं आमची माय म्हणायची. माझा बैल रिकामा नाही राहिला. दुसऱ्याचं घर तुडवून आला.

शालिकराम माझ्या बहिणीचा नवरा. लाखनीकडची शेती भावाले देऊन सत्तावन्न साली भिलाईले आला. पोलादाचा कारखाना उभा होऊन राहिला होता, तिथं गर्डर वर चढवणाऱ्या टोळीत लागला. देवमाणूस बाप्पा! दारू नाही, भांडण नाही. खूळ एकच. पोरगी कमलिनी बी.ए. झाली पाहिजे, अन् गावात चार लोकांनी म्हटलं पाहिजे, शालिकरामची पोरगी बी.ए. झाली.

साठ साली ती मॅट्रिक झाली. तिले समाजशास्त्र पाहिजे होतं.

"ते काय असते वं?" बापानं विचारलं.

"माणसं कशी राहतात, काहून भांडतात, ते शिकवतात, बाबा."

"अवं, त्याले कालेज कायले? सेक्टरातल्या नळावर उभी राय!"

हसला अन् मले कामाले लावलं. मी दुर्गले रेल्वेच्या पार्सल हापिसात. चार इंग्रजी कागद वाचता येत, म्हणून घरात शहाणा मीच.

हिंडलो मी कॉलेजं पाहत. नागपुरात सगळं होतं, पण होस्टेलचा खर्च त्याच्या पगाराले झेपत नव्हता. जवळच्या कॉलेजात तो विषयच नव्हता. रायपुरात एक स्वस्त सापडलं, विषयही होता, घरून गाडीनं जा-ये करता येत होती. वरून रेल्वेवाल्याच्या मुलीले पास फुकट अन् फी अर्धी. झालं, चाललं माझं डोकं! म्हटलं, "जवाईबापू, कमलिनीले मी दत्तक घेतो. फक्त कागदावर, पासासाठी." त्यानं काही विचारलं नाही. मी बोट ठेवलं तिथं अंगठा लावला.

तीन वर्षं पोरगी पॅसेंजरनं गेली अन् आली. डिग्री हातात पडली त्या दिवशी शालिकराम पेढे घेऊन माझ्या क्वार्टरवर हजर. त्या तीन वर्षांत मोठ्यांच्या रात्रीच्या वर्गात जाऊन तो आपलं नाव वाचाले शिकला होता. डिग्रीवर बोट फिरवून राहिला, फिरवूनच राहिला.

"माझं नाव कुठं हाय?"

कमलिनी रडाले लागली. कागदावर लिहिलं होतं, आत्मजा श्री भाऊराव, म्हणजे भाऊरावची मुलगी, अन् भाऊराव म्हणजे मी. मले तवा तोंड लपवाले जागा मिळेना.

दुसऱ्या दिवशी पोरगी एकटीच आली. "मामा, दत्तकाचा कागद खोटा होता, असं लिहून द्या. मग बाबाचं नाव लागते. मी विचारून आली."

तिचं बरोबर होतं. पण तसं लिहिलं की माझी नोकरी गेली. खोट्या पासावर तीन वर्षं प्रवास, रेल्वे काय आरती ओवाळते? घरात दोन पोरं शिकून राहिले होते. मी म्हटलं, "पाहू." त्या गोष्टीले आज चार वर्षं झाली. थू माझ्या जिंदगीवर!

शालिकराम बोलला असता तर मी भांडलो तरी असतो. बहीणच बोलली, "भाऊ, पोरगी माही, कष्ट त्याईचे, अन् नाव तुहं." आपलेच दात, आपलेच ओठ. काय सांगू तिले?

पुढं नंदिनी गावच्या चुनखडीच्या खाणीकडं एका शाळेत कमलिनी मास्तरीण झाली. हजेरीत नाव कमलिनी भाऊराव. यंदा संक्रांतीले बहिणीनं तिच्यासाठी तिळाचे लाडू दिले. शालिकराम निघाला, मीही बळंच संग गेलो. शाळेच्या हापिसात बाबूनं मान वर करून विचारलं, "आप लोग मैडम के कौन?"

मी तोंड उघडणार होतो. देवाशपथ, उघडणार होतो. त्याच्या आधीच शालिकरामनं हात जोडले.

"फूफा हूँ, साहब." फूफा, म्हणजे आत्याचा नवरा. कागदाप्रमाणं अगदी बरोबर. मग माझ्याकडं हात करून म्हणाला, "पिताजी ये हैं."

कमलिनी दारातच उभी होती. तिनं सगळं ऐकलं. बाबू उठला अन् त्यानं खुर्ची मले दिली. शालिकराम लाडवाचा डबा धरून उभा होता. अन् मी, मी बसलो त्या खुर्चीवर.