ब्रेक लावणारं प्रथिन

लातुरात जिमसुद्धा शिकवणीच्या चालीवर चालते. आमच्या जिमचे सर डंबेलला हात लावू देण्याआधी फळ्यासमोर बसवतात आणि मायोस्टॅटिनची टिपणं देतात. मायोस्टॅटिन हे आपल्याच शरीरातलं प्रथिन. ते स्नायूंच्या वाढीला ब्रेक लावतं. आमचे दंड जिथल्या तिथे का, याला सरांकडे हे एकच उत्तर आहे. दर शनिवारी त्यावर चाचणी होते. तीत मी पहिला येतो. दंड मात्र जिथल्या तिथेच आहेत.

एकदा आडत बाजारातले एक हमालमामा आले. पायाचं प्लास्टर नुकतंच निघालेलं, मांडी वाळून काठीसारखी झालेली, आणि सोयाबीनचा हंगाम महिन्यावर. सरांनी सवयीनं खडू उचलला.

"सर, ते फळ्याचं ऱ्हाऊ द्या. माझ्यानं पोतं उचलवंल का न्हाई, तेवढं सांगा."

खडू ठेवून सर फरशीवर बसले आणि मामांचा पाय दोन्ही हातांनी चाचपू लागले. दुसऱ्या दिवसापासून ते रोज सकाळी मामांकडून खुर्चीवरून ऊठबस करून घेत. आम्हा सगळ्यांना विकलेली प्रोटीनची भुकटी त्यांनी मामांना दाखवलीसुद्धा नाही. "डाळ खा, अंडी खा," एवढंच म्हणत.

महिन्यानं मामा म्हणाले, "आता पोतं आना."

जिममध्ये पोतं कुठलं? मामांनी सरांनाच पाठीवर घेतलं आणि संथपणे फेरी मारली.

सर वरूनच ओरडले, "लिहून घ्या! मायोस्टॅटिन हरलं!"

आम्ही लिहून घेतलं.