ग्रहणातली भाजी

माझी तीन वर्षांची भाची मनू रिकामे हात सतत एकमेकांवर चोळते, नळाखाली धुतल्यासारखे. येत होते ते चार शब्दही हळूहळू गेले. "पोटुशी असताना ग्रहणात भाजी चिरलीस ना," हे ताईला किती जणींनी ऐकवलं!

काल नव्या डॉक्टरबाई बराच वेळ मनूचे हातच बघत राहिल्या. "रेट सिंड्रोम वाटतोय. रक्त तपासलं की नक्की कळेल. जनुकात आपोआप बदल होतो. तुमचं काही चुकलेलं नाही." पूर्ण बरं होणार नाही, हेही त्यांनी सांगितलं.

अशी बातमी ऐकून माणूस हलकं होतं, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

रिक्षात मनूचे ते हात ओंजळीत घेऊन ताई म्हणाली, "पुढच्या ग्रहणाला भरली वांगी करते. सगळ्याजणींना बोलावते."