पितळेवरची बोटं

आमच्या घरी येणारा पाहुणा त्या डब्याकडे बघतो आणि विचारतो, "हे काय, पानदान होय का?" मी "हो" म्हणून मोकळी होते. ज्याला पितळेच्या डब्यातून मागे निघालेल्या वायरी दिसत नाहीत, त्याला समजावत बसायला मला वेळ नाही.

तो कॉम्प्युटर आहे. माझ्या धाकट्या भावाचा. गेम खेळायचा कॉम्प्युटर, आणि तोही असा की मांडीवर घेऊन एसटीने नेता यावा.

भावाला सिकलसेल होता. आमच्या लाखनीकडे, भंडारा जिल्ह्यात, हा शब्द फोडून सांगावा लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांमध्ये अडकतात, आणि जिथे अडकतात तिथे माणूस ओरडतो. गार पाणी, ऊन, दमणूक, कशाचंही निमित्त पुरतं. भाताच्या रोवणीच्या दिवसांत सगळं घर बांधीच्या, म्हणजे धानाच्या शेताच्या चिखलात उतरायचं आणि हा कडेला धुऱ्यावर छत्री घेऊन बसायचा. मोठा झाल्यावर त्याने तेही सोडलं. नुसतं बसून बघण्यात काय मजा, म्हणायचा. मग बाबांच्या बी-बियाण्याच्या दुकानात एका कोपऱ्यात तो लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून द्यायला लागला, आणि उरलेला वेळ गेम. त्या गेममध्ये तो डोंगर चढायचा, नद्या पोहायचा, भलीमोठी तलवार घेऊन मैलोन् मैल पळायचा. मी मागे उभी राहून बघायची आणि चिडायची. चिडायची, कारण रडायचं नव्हतं.

वर्षातून कितीदा तरी नागपूरला भरती व्हावं लागे. सलाइन, रक्त, कण्हणारा वॉर्ड. तिथे त्याला त्याचे डोंगर हवे असायचे. मोबाइलवरचे गेम म्हणजे त्याच्या मते चणे-फुटाणे. एक लॅपटॉप होता, तो तापून तापून मेला.

"दुसरा लॅपटॉप घे," मी म्हटलं.

"लॅपटॉप बिघडला का फेकाच लागते, ताई. आपण बनवलं तं आपल्याले खोलता येते."

म्हणून सुटे भाग मागवणं सुरू झालं. घडी घातलेल्या हातरुमालाएवढा मदरबोर्ड, विटेच्या तुकड्याएवढा वीजपुरवठा, आखूड ग्राफिक्स कार्ड, चपटी केबल. सगळं आलं, आणि घोडं पेटीवर अडलं. इतक्या लहान मापाची पेटी परदेशातून यायची आणि तिची किंमत ऐकून बाबा नुसतेच हसले. भाऊ दिवसभर त्या पेटीचे फोटो दाखवत माझ्या मागे फिरू लागला. शेवटी माझं डोकं फिरलं.

"डबाच पाहिजे ना तुले? मंग भंडाऱ्याले जा अन् पितळेचा बनवून घे!"

मी टोमणा मारला होता. त्याने तो टोमणा उचलला आणि दुसऱ्याच दिवशी मला एसटीत बसवून भंडाऱ्याला नेलं.

पितळेची भांडी घडवणारे एक म्हातारे काका आम्हाला भेटले. भावाने पुठ्ठ्याचा नमुना करून नेला होता, त्यावर हवेसाठी भोकंच भोकं. काकांनी तो फिरवून फिरवून पाहिला.

"बाबू, एवढ्या भोकांच्या डब्यात ठेवता तरी काय? पोहे तं सांडून जातीन."

"हवा ठेवतो काका," भाऊ म्हणाला.

काकांना तो आवडला. वरून लाखेचं पॉलिश मारून देतो म्हणाले, कारण पितळेला घामाचा हात लागला की ते डाग धरतं. भाऊ नको म्हणाला. पॉलिश केलं की पितळ प्लास्टिकवाणी दिसतं, म्हणे. डाग पडले तर पडू द्या.

डबा आला तेव्हा खरं सांगते, मीसुद्धा टोमणे विसरले. इतका सुंदर. अंगभर मठाराचे, म्हणजे हातोडीच्या हलक्या ठोक्यांचे गोल गोल ठसे, पाण्याच्या गुंडावर असतात तसे. भावाने दिवाणखान्यात सतरंजी अंथरली, मला स्क्रू धरायला बसवलं आणि एकेक भाग आत बसवला. आई हळदकुंकू वाहायला आली. कुंकू पंख्यात जाईल म्हणून त्याने तिचा हात वरच्या वर पकडला आणि स्वतःच्या कपाळाला लावून घेतला. मग बटण दाबलं.

पंखा एक गिरकी घेऊन थांबला. पुन्हा दाबलं, पुन्हा एक गिरकी.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. हा भाग काढ, तो घाल. मेमरी काढून लाव, केबल बदल. नाकी नऊ आले. त्यात त्याचा खुबा दुखायला लागला होता आणि पुढची भरती तोंडावर दिसत होती. तो डबा त्या आधी चालू व्हायला हवा होता, बस्स. घरात कोणी तसं बोललं नाही, पण बाबासुद्धा दुकानातून येऊन आधी तेच विचारायचे.

त्याची एक पद्धत होती. काही कळेनासं झालं की सगळं बाहेर काढायचं, पुठ्ठ्यावर मांडायचं आणि कमीत कमी जोडून बघायचं. पुठ्ठ्यावर मांडलं तर मशीन सुरळीत चालू! डब्यात घातलं की बंद. म्हणजे दुखणं मशीनला नव्हतं, डब्याला होतं. त्याने डबा डोळ्यांसमोर आडवा धरला, एका बाजूने टॉर्च मारला आणि मोठ्याने हसला.

डब्याचा तळ मध्यभागी फुगला होता. आम्ही सपाट पत्रा सांगितला होता, काकांनी त्याला मठार दिला होता. ठोक्यांनी पितळ ताणलं जातं आणि पोट काढतं. ते पोट वर येऊन मदरबोर्डच्या खालच्या डाखाच्या, म्हणजे सोल्डरच्या टोकांना टेकत होतं, आणि वीज नको तिथून पळत होती. काकांना फोन केला तर ते म्हणाले, "बिना मठाराचं भांडं माह्या हातून नाई जात, बाबू. लोक म्हणतीन बुढा थकला." आता यावर भांडणार तरी काय?

तळ ठोकून बसवायला गेलो असतो तर ठसे बिघडले असते. मधे वीज न जाणारं, पातळ, न जळणारं काहीतरी घालायचं होतं. आम्ही घरभर शोधत होतो. भाऊ लंगडत कपाटाकडे गेला आणि स्वतःच्या खुब्याचा जुना एक्स-रे घेऊन आला. कात्रीने बरोबर मापाचा तुकडा कापला.

"अरे, डॉक्टर मागतीन ना तो!"

"डॉक्टरकडे नवा निघते, ताई. आता हे हाड तरी कामाचं झालं."

फिल्म मदरबोर्डखाली गेली, झाकण लागलं, बटण दाबलं, आणि तो डबा सुरू झाला. झाकण लावलं की पितळेतून वायफाय येत नसे, त्यासाठी अँटेना बाहेर काढावी लागली, पण ते किरकोळ. त्या संध्याकाळी त्याने मला डोंगरावर नेलं. मी दर दोन पावलांवर दरीत पडत होते आणि तो हसून हसून लोळत होता.

पुढच्या प्रत्येक भरतीला डबा सोबत गेला, पिशवीत एक पातळ स्क्रीन आणि कीबोर्ड. नागपूरला जाताना तो मांडीवर, दोन्ही हातांच्या पंजांत धरलेला. मी घेते म्हटलं तरी देत नसे. ताप, घाम, हायवेचे हादरे, आणि तेच ते दोन पंजे. पितळ काकांनी सांगितलं तसंच वागलं. दोन्ही बाजूंना त्याची चार-चार बोटं आणि वर दोन अंगठे उमटले, काळसर, लांब.

शेवटच्या वेळी त्याच्या छातीत भरलं. त्याला आत, अतिदक्षता विभागात नेलं आणि डबा माझ्याकडे बाहेर राहिला. आम्ही त्याला शववाहिकेतून घेऊन परत आलो तेव्हाही डबा माझ्याच मांडीवर होता. मी तो तळाखाली हात घालून धरला होता, बाजूंना हात न लावता. कुठून सुचलं, माहीत नाही.

घरी तो खिडकीजवळच्या टेबलावर ठेवला आणि त्यावर त्याचा खांद्यावरचा दुपट्टा टाकला. हात कोणी लावायचा नाही, असं मी सगळ्यांना बजावलं. हायवेच्या ट्रकांची धूळ आणि राइस मिलचा भुसा आमच्या घरात चोवीस तास येतो, तो मी मऊ ब्रशने झटकायची, बोटं सांभाळून. एका नातेवाइकाने, डबा नुसता पडला आहे तर आमच्या पोराला द्या, असं सुचवलं. त्यांना मी जे बोलले त्यानंतर ते आमच्याकडे चहाला आलेले नाहीत. बरंच झालं. अधूनमधून मी दुपट्टा काढून बसायची आणि ते डाग बघायची. फोटोत माणूस हसतो, कपड्यांचा वास जातो. हे मात्र त्याचे हात होते, जिथे होते तिथेच. मला दुसरं काही नको होतं.

त्या वर्षी आमच्याकडे सण नव्हता, भांडी घासली नव्हती. पुढच्या दसऱ्याला आईने सगळं पितळ खाली काढलं. दसऱ्याआधी चिंच आणि राखेने पितळ घासणं हे तिचं वर्षाचं काम. मी शाळेत शिकवायला गेले होते. परत आले तर अंगणात उन्हात घंगाळ, गुंड, परात, समया, सगळं ओळीने पालथं घातलेलं, आणि त्या ओळीत शेवटी डबा. सोन्यासारखा लखलखत होता. भोकांतून पाणी ठिबकत होतं.

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. शेजारच्या बाया कुंपणापाशी आल्या, एवढं पुरे. आई "वरतूनच घासलं," एवढं एकदा म्हणाली आणि आत गेली.

मी डबा खोलला. दोन दिवस सगळे भाग पंख्याखाली वाळवले. बाबा म्हणाले तांदळात ठेव. त्यांच्याशीही धड बोलले नाही. स्पिरिट आणि दात घासायच्या ब्रशने चिंचेचे कण काढले, भावाने शिकवलं होतं तसं सगळं पुसून परत बसवलं आणि बटण दाबलं. पंखा एक गिरकी घेऊन थांबला.

मी मेलेल्यासारखी बसून राहिले. मग त्याची पद्धत आठवली. बाहेर काढ, पुठ्ठ्यावर मांड. मांडलं, तर चालू. डब्यात बंद. तेव्हा कुठे लक्षात आलं की फिल्म घातलीच नाही. फिल्म सतरंजीवर नव्हती, टेबलावर नव्हती.

ती आईकडे होती. मागच्या खोलीत खिडकीशी ती उभी होती आणि डॉक्टर धरतात तसा तो तुकडा उजेडाकडे धरून बघत होती. दोन दिवस मी तिच्याशी बोलले नव्हते. पण फिल्मशिवाय गत्यंतर नव्हतं.

"आई, थे फिल्म दे. तिच्याबिगर चालू नाई होत."

तिने ती दिली नाही. बघतच म्हणाली, "ते बोटं त्याचे नोहोते वं."

"मंग कोणाचे होते?"

"तू शाळेत गेली का मी दुपट्टा काढत होती. जेथी त्याचं बोट, तेथी माहं बोट ठेवत होती, फिरवत होती. रोज. पह्यले माहे बोटं पुरत नोहोते, त्याचे किती लांब होते. मंग एक दिवस पाह्यलं तं डाग माह्या बोटाएवढेच. त्याचे पुसून गेले होते. मीच पुसले." तिने फिल्म खाली घेतली. "तू बसून बसून ते पाहत होती अन् रडत होती. माह्या बोटांले पाहून रडत होती तू. मले नाई पाहवलं."

राग कुठे ठेवावा ते कळेना, आणि तो गेल्यावर खाली जे उरलं ते सहन होईना. आम्ही दोघी तिथेच खिडकीखाली बसलो आणि रडलो. भाऊ गेल्यापासून एकत्र रडलो नव्हतो, आपापल्या वेळा ठरलेल्या होत्या.

मग तिने फिल्म स्वतःच्या पदराने पुसली आणि स्वतःच डब्याच्या तळाला अंथरली. मी वर बोर्ड बसवला, स्क्रू पिळले. पंखा सुरू झाला आणि सुरूच राहिला. आईने डब्याच्या बाजूला उघड उघड तळहात टेकवला. पितळ हळूहळू तापत जातं.

"गरम झालं," ती म्हणाली.

"होते तसं. चालू असलं का गरम राह्यते."

तिने हात काढला नाही. थोड्या वेळाने मीही दुसऱ्या बाजूला ठेवला.

दुपट्टा आता आम्ही टाकत नाही. डबा पुन्हा काळवंडत चालला आहे, आणि त्यावरची बोटं सगळी आमची आहेत.