वाकलं की येणारी भीती

भावोजींना भीती म्हणून ठाऊकच नाही, असं ताई लग्नानंतर पहिल्यांदा घरी आली तेव्हा सांगत होती. "झुरळ सोडून," असं तिने हळूच पुढे जोडलं आणि आम्ही दोघी बहिणी पोट धरधरून हसलो. भावोजी लिफ्ट मेकॅनिक. लिफ्टच्या टपावर उभं राहून, खाली दहा मजल्यांचा अंधार असताना, तोंडात बॅटरी धरून ते स्क्रू पिळायचे. बरोबर त्यांचा जुना जोडीदार असायचा. त्याला सगळे जाड्या म्हणत. जाड्या टपावर चढला की लिफ्ट कण्हते, असं भावोजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे.

अशा माणसाला पंचेचाळिशी ओलांडल्यावर भीती वाटायला लागली.

पहिल्यांदा ती आली ते बाथरूमचा नळ बदलताना. वाकलेले होते ते एकदम उठले. चेहरा पांढराफटक, शर्ट घामाने चिंब. भिंतीला पाठ लावून ताईला म्हणाले, "दार लाव. आधी दार लाव!" कोणतं दार, कोण येणार होतं, ते त्यांनाही सांगता येईना. छाती अशी उडत होती की शर्टाचं बटण हलताना दिसत होतं. थोड्या वेळाने सगळं ओसरलं, डोकं तेवढं ठणकत राहिलं.

मग ती येतच राहिली. बूट घालताना, जड पिशवी उचलताना, कधी नुसतं पोटभर जेवल्यावर. लिफ्टच्या तळाच्या खड्ड्यात उतरून वाकले, मग तर हमखास. आता आपण मरणार, एवढं एकच डोक्यात असायचं. घरच्या डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला, तो स्वच्छ आला. "टेन्शन घेता तुम्ही," असं म्हणून त्यांनी धडधड थांबवायची गोळी दिली. गोळी सुरू झाली आणि झटके उलट वाढले. भावोजींनी ते डॉक्टरांना सांगितलंच नाही. लाज वाटली. ताईने मला सांगितलं तेही स्वयंपाकघरात, नळ सोडून, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून.

"अगं, त्यांचे डोळे बघवत नाहीत," ती म्हणाली. "मला वाटतं, एक दिवस कामावरून कोणीतरी मलाच बोलवायला येईल."

जाड्याने सुरुवातीला चेष्टा केली. मग ती बंद केली आणि खड्ड्यात उतरायचं काम गुपचूप स्वतःकडे घेतलं.

पुढचं मला थोडं भावोजींकडून कळलं, थोडं एका डॉक्टरबाईंकडून.

एका संशोधन संस्थेची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती. संस्थेत हॉर्मोन्सवर काम चालायचं. आपल्या शरीरातल्या ग्रंथी रक्तात काय सोडतात, कधी जास्त सोडतात, त्याने माणूस आजारी कसा पडतो, त्याचा अभ्यास. लिफ्टमध्ये एक डॉक्टरबाई एकट्याच होत्या. हातात रक्ताच्या नमुन्यांचा थर्मोकोलचा खोका आणि त्यात कोरडा बर्फ. हा बर्फ वितळून पाणी होत नाही, त्याचा वायू होतो, आणि बंद जागेत तो साठला की माणूस गुदमरतो. खोका घेऊन लिफ्टने जायचं नाही, असा तिथला नियमच होता. बाईंनी घाईत तो मोडला होता.

"लवकर उघडा!" त्या आतून ओरडत होत्या. "इथली हवा खराब होतेय!"

"बाई, खोका वर धरू नका, खाली कोपऱ्यात ठेवा. तुम्ही उभ्याच राहा," भावोजी दाराला तोंड लावून म्हणाले. "माझ्याशी बोलत राहा. घरी कोण कोण आहे?"

"सासूबाई आहेत."

"मग बाहेर यायची एवढी घाई कशाला?"

आतून हसू आलं, रडवेलं का होईना. जाड्या गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत वीज बंद करून हाताने चाक फिरवत होता. लिफ्ट इंचाइंचाने सरकली. भावोजींनी किल्लीने दार उघडलं तेव्हा बाईंचं डोकं आणि खांदे तेवढे वर दिसत होते. बाकीची लिफ्ट मजल्याच्या खालीच. खोका आधी बाहेर काढायचा म्हणून ते पोटावर झोपले, हात खाली सोडले, बाईंनी उचलून दिलेला खोका बाजूला सरकवला. आणि तेवढ्यात ती आली.

भावोजींचं बोलणं बंद झाल्याचं बाईंना कळलं. पाहतात तर ज्या माणसाने त्यांना धीर दिला, त्याचा चेहरा कागदासारखा झालेला, कपाळावरचा घाम त्यांच्या हातावर टपटपतोय. त्यांनी आधाराला म्हणून त्याचं मनगट धरलं आणि बोटं आपोआप नाडीवर गेली.

"काय होतंय तुम्हाला?"

"भीती वाटतेय."

"कशाची?"

"कशाचीच नाही," भावोजी कसेबसे म्हणाले. "कशाचीच नाही हो, बाई."

जाड्याने लिफ्ट मजल्याला लावली. बाई बाहेर आल्या त्या थेट समोरच्या खोलीत धावल्या, रक्तदाबाचं यंत्र घेऊन परतल्या. आकडा भलताच वर गेलेला पाहून त्यांनी पट्टा सोडला आणि पुन्हा बांधला. भावोजींना भिंतीला टेकवून बसवलं. थोड्या वेळाने मोजला तेव्हा दाब अगदी कोणाही धडधाकट माणसाचा असावा तसा.

"कुठल्या गोळ्या घेता?" बाईंनी विचारलं. नाव ऐकून म्हणाल्या, "ही आजपासून बंद, हिनेच झटके वाढत असतील. तुमच्या डॉक्टरांशी मी बोलते. उद्या सकाळी इथे यायचं, बायकोला घेऊन."

ताईने मलाही बरोबर नेलं. बाईंनी भावोजींना आडवं झोपवून, शांत राहू देऊन मग रक्त घेतलं. दिवसभराची लघवी साठवायला मोठा कॅन दिला. तो पिशवीत लपवून नेताना भावोजींना ओशाळल्यासारखं झालं. नंतर पोटाचा स्कॅन झाला. आणि मग बाईंनी आम्हाला समोर बसवलं.

मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक ग्रंथी असते. समोर साप आला तर पळायचं बळ देणारं हॉर्मोन तीच सोडते. भावोजींच्या उजव्या ग्रंथीत सुपारीएवढी गाठ होती. साप नसताना ती रक्तात तेच हॉर्मोन ओतत होती. वाकलं की तिच्यावर दाब यायचा.

"म्हणजे मी भित्रा नाही?" भावोजींनी विचारलं.

"नाही. पण ही गाठ काढावी लागेल."

काढावी लागेल म्हटल्यावर भावोजी उठून उभे राहिले. "ऑपरेशन नाही करणार मी," म्हणाले, आणि दारापर्यंत जाऊन थांबले. मग जे ताईलाही कधी सांगितलं नव्हतं ते बोलले.

त्यांच्या आईला सगळे भित्री म्हणायचे. भांडी घासता घासता ती पांढरी पडायची, घाम फुटायचा, पोरांना जवळ ओढून कोपऱ्यात बसायची. वडील खेकसायचे. शेजारच्या बायका नकला करायच्या. पाठीवरचं गळू कापायला तिला दवाखान्यात नेलं, भूल दिली आणि ती टेबलावरच गेली. भीतीनेच गेली, असं सगळे म्हणाले. "मीसुद्धा म्हणालो," भावोजी म्हणाले. "लाज वाटायची मला तिची."

बाईंनी त्यांना परत खुर्चीत बसवलं. मग म्हणाल्या, "तुमच्या आईंना बहुधा हेच होतं. पण ते कुणाला माहीत नव्हतं, म्हणून कोणी तयारी केली नाही. तुमची आधी तयारी होईल. औषधांनी दाब उतरवल्याशिवाय कोणी सुरीला हात लावणार नाही."

त्या औषधांनी भावोजींचं नाक चोंदायचं, उठताना घेरी यायची. ते तासन्तास खिडकीशी बसायचे. "आता जी वाटतेय ती गाठीची का माझी?" असं एकदा त्यांनी मला विचारलं. मी त्यांच्या पुढ्यात चहा ठेवला. खरं तर माझ्याही तोंडचं पाणी पळालं होतं.

ऑपरेशनच्या दिवशी ताईने भाचीला, म्हणजे स्वतःच्या मुलीला, कॉलेजात पाठवलं आणि ती दहा मिनिटांत परत आली. आम्ही बाकावर बसून होतो. आतून एक नर्स धावत बाहेर आली आणि तशीच कसली तरी बाटली घेऊन आत गेली. ताईने माझा दंड इतका आवळला की नखं रुतली. नंतर कळलं, गाठीला हात लागताच दाब उसळला होता. भूल देणारे डॉक्टर त्यासाठी सज्जच होते, म्हणून निभावलं.

गाठ निघाली. घरी आल्यावर भावोजी बूट घालायला वाकले आणि तसेच वाकून राहिले, वाट बघत. काहीच आलं नाही. ते तिथेच जमिनीवर बसले आणि ढसाढसा रडले. "आईला कोणी सांगायला हवं होतं," एवढंच म्हणत होते.

एवढ्यावर संपलं असतं तर बरं होतं. पण बाईंनी बोलावून सांगितलं की हा आजार कधी कधी घराण्यात उतरतो, मुलीचं रक्त तपासायला हवं. रिपोर्ट येईपर्यंत घरात कोणी नीट जेवलं नाही. भाचीला परीक्षेच्या आदल्या दिवशी घाम आला तरी ताईच्या काळजाचा ठोका चुकायचा.

घराण्यात उतरलेला तो दोष तिच्यातही निघाला. गाठ नाही, पण पुढे होऊ शकते. दरवर्षी तपासायचं, लक्ष ठेवायचं. हे ऐकताना भावोजींचा चेहरा पुन्हा तसाच पांढरा झाला. बाईंनी यंत्र काढलं, तेव्हा त्यांनी हात मागे घेतला. "नका मोजू. ही माझी आहे," म्हणाले.

आता ते कामावर जातात, खड्ड्यातही उतरतात. जाड्याने पुन्हा चेष्टा सुरू केलीय. मात्र भाची जरा धापा टाकताना दिसली की भावोजी उठून तिचं मनगट धरतात आणि घड्याळाकडे बघत नाडी मोजतात.

"बाबा, सोडा ना, जिना चढून आलेय मी!" ती वैतागते.

"बस जरा. पाणी पी."

ती बसते, पाणी पिते आणि दुसऱ्या हाताने मैत्रिणीला मेसेज करत राहते. मोजून होईपर्यंत ते तिचं मनगट सोडत नाहीत.