दगूबाईचा अंगठा

शहाद्याकडच्या तापीकाठच्या गावांत कुणाचा जबडा निखळला की माणसं डॉक्टरच्या आधी दगूबाईचं दार ठोठावतात. जांभई जरा मोठी दिली, नाहीतर लग्नात हसता हसता तोंड जे उघडं राहिलं ते मिटतच नाही. लाळ गळते, बोलता येत नाही, आणि बघणाऱ्यांना हसू आवरत नाही. दगूबाई मात्र हसत नाही. ती माणसाला समोर बसवते, कानाखालचा चावायचा स्नायू बोटांनी मळत राहते आणि विचारते, "औंदा पापड कितला कयात?" माणूस मनात पापड मोजू लागला की स्नायू सैल पडतो. तेवढ्यात तिचे दोन्ही अंगठे मागच्या दाढांवर जातात, खाली दाबतात, मागे सारतात. खट्! काम झालं.

अंगठ्यांना फडकं गुंडाळल्याशिवाय ती कुणाच्या तोंडात हात घालत नाही. तरुणपणी एकदा विसरली होती. जबडा बसला तो अंगठ्यावरच. नखाखालची आडवी खूण अजून आहे.

अशा बाईच्या घरात तिच्याच नवऱ्याचं, धुडकूचं, तोंड उघडेना.

सोमवारी सकाळी त्याला भाकरीचा घास घेता येईना. धुडकू चाळीस वर्षं तंबाखू मळणारा, त्यामुळे सगळ्या गल्लीने निदान करून टाकलं. गल्लीला काय, तोंड उचकटून बोलायला पैसे पडत नाहीत. मुलगा हेमकांत म्हणाला, "माय, तंबाखूमुये गाल आखडी गयात. तू अंगठा घाल, मोकयं व्हई जाई."

दगूबाईने फडकं गुंडाळलंसुद्धा. पण तिचं मन घेईना. तंबाखूची तोंडं तिने पाहिली होती. ती वर्षानुवर्षं आखडत जातात, गाल आतून चामड्यासारखा होतो. हा तर परवापर्यंत ऊस सोलून खात होता. तिने कानाखाली बोटं ठेवली. दोन्हीकडचा स्नायू दगडासारखा. कानशिलावरचा, पंख्यासारखा पसरलेला, तोही ताठ. जबड्याच्या आडोशाला आत खोल एक स्नायू असतो, तो तिला गाठताच येईना, कारण दातांत करंगळीही शिरत नव्हती.

तिची नजर त्याच्या पायाकडे गेली. आठ दिवसांपूर्वी केळीच्या बागेत गंजका खिळा घुसला होता. "दवाखानामा जाई सुई ली ल्या," ती म्हणाली होती खरी. तर तो म्हणाला, "सुई कसाले? तुन्हा हात शे ना." आणि ती फुशारली. हळद भरली, पट्टी बांधली, विषय संपवला. आता ते आठवून तिने अंगठ्यांवरचं फडकं सोडलं.

"हेमकांत, गाडी काढ. हाई मन्हा हातनं काम नई."

"माय, एकदाव दाबी तं देख."

"गाडी काढ!"

नंदुरबारपर्यंत तिचा तळहात त्याच्या गालावर होता. शेजारून ट्रकने हॉर्न दिला आणि धुडकूचं सगळं अंग धनुष्यासारखं ताठलं. दवाखान्यात डॉक्टरांनी पाहिलं आणि एकच शब्द सांगितला, धनुर्वात. अंधाऱ्या, शांत खोलीत ठेवलं.

तेवीस दिवस दगूबाई बाहेरच्या बाकावर बसून होती. फडकं अंगठ्याला गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची. आतून भांडं पडल्याचा आवाज आला तरी ती उठून दाराशी जायची. "वेळेत आणलंत," डॉक्टर म्हणाले. तिला ते ऐकवेना. खरी वेळ त्याच्या आठ दिवस आधीची होती, आणि ती तिने हळदीत घालवली होती.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी धुडकूने मऊ भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. दगूबाई त्याच्यासमोर येऊन बसली.

"तोंड उघडा."

त्याने उघडलं. तिने बोटं उभी धरून मापलं. तीन बोटं बसली. मग तिने अंगठा मागच्या दाढेकडे नेला.

"येडी व्हयनी का? फडकं कोठे शे?"

"ऱ्हाऊ द्या. चावा."

त्याने हलकेच दात टेकवले.

"जोरमा चावा म्हनस ना!"

धुडकूने चावलं. दात नेमके जुन्या खुणेवर रुतले. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. हेमकांत धावत आला, "माय, काय व्हयनं?"

दगूबाईने अंगठा काढला नाही.