माडाच्या खताचे बांगडे

माझे सासरे मालवणच्या कचेरीतून निवृत्त झाले, त्याच वर्षी मी सून म्हणून त्या घरात आले. नवे पैसे चालू होऊन तेव्हा थोडेच दिवस झाले होते. नवरा नोकरीला मुंबईत, त्यामुळे घरात सासू, सासरे आणि मी, तिघंच. पेन्शन बेताची होती, पण मुंबईची मनीऑर्डर चुकत नसे. उपाशी राहण्याची वेळ नव्हती. कचेरी सुटल्यावर मामंजींना हुकूम सोडायला कुणी उरलं नाही, तेव्हा त्यांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं.

काटकसर मला नवी नव्हती. माझ्या माहेरी, मिठबावला, आई कोकमाची बीसुद्धा टाकत नसे. पण तिची काटकसर स्वच्छ होती. मामंजींची ओशट. उकळून झालेली चहाची पूड ते पडवीच्या कठड्यावर कागदावर वाळत घालत आणि तीच दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळायला लावत. पावसाळ्यात तिच्यावर पांढरी बुरशी धरे. ती ते नखाने खरवडून काढत आणि तेच नख धोतराला पुसत. तळणीचं तेल काळं, चिकट होईपर्यंत बदलायचं नाही. अंगाच्या साबणाच्या उरलेल्या चिपा ते एकत्र मळून गोळा करत. पहिल्यांदा तो गोळा अंगाला लावला, तेव्हा त्यातला एक पांढरा केस माझ्या दंडाला चिकटला.

सासूबाई काही बोलत नसत. मामंजी घरातही पुस्तकी मराठी बोलत आणि त्या मराठीपुढे त्यांची मालवणी गप्प होई.

बाजार मामंजीच करत. मासळीला ते मुद्दाम उन्हं चढल्यावर जात, कोळणी पाट्या आवरायला लागल्या की. दसरा नुकताच झाला होता आणि त्या दिवसांत बांगडा मुबलक लागला होता. एक दिवस ते पिशवी भरून बांगडे घेऊन आले. खूश होते.

"चार आण्यांत एवढे. निम्मे आज करा, निम्मे मीठ लावून ठेवा."

मी पिशवी मागीलदारी ओतली. बांगड्यांचे डोळे आत गेले होते, कल्ले तपकिरी झाले होते. एकाला विळीवर धरलं तर पोट आपोआप फुटलं आणि आतलं पातळ काळपट पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. त्याचा वास दोन दिवस हाताला होता.

तेव्हाच ते उकिरड्यावर टाकायला हवे होते. मी टाकले नाहीत. मामंजी पडवीत बसले होते, म्हणून मी बांगडे धुतले, तिप्पट तिरफळं घातली, आमसुलं घातली, जाड वाटण लावलं आणि वास दाबला. पानं वाढताना म्हटलं, "मला आज भूक नाही." मामंजींनी एक बांगडा खाल्ला आणि कालवण छान झालंय म्हणाले. सासूबाईंनी तीन खाल्ले.

तासाभरात सासूबाईंचं तोंड लालबुंद झालं. अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले आणि मागोमाग उलट्या सुरू झाल्या. मी आमसुलं पाण्यात कोळून त्यांच्या पाठीला, पोटाला चोळत बसले. मामंजी दारातून म्हणाले, "उन्हाचं पित्त आहे. मलाही काही झालं असतं की मग!"

ते गेल्यावर मला राहवेना. मी म्हटलं, "आई, माका वास इल्लो. म्हणान मी जेवलंय नाय."

त्यांनी डोळे उघडले. "माका नाय काय इलो? इलो. पण पानात पडलेला टाकूचा कसा?"

मामंजींची किळस मला रोजची होती. त्या क्षणी मला आम्हा दोघींची किळस आली. एकीने कुजकं ओळखून शिजवलं होतं, दुसरीने ओळखून गिळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजींना बांगडे देणारी बाजारातली कोळीण पाटी घेऊन अंगणातल्या खळ्यात उभी राहिली. मामंजी कठड्यावर चहापूड पसरत होते.

"भाऊनू, घातलात मां बांगडे माडाक? आजून आसत. हाडून दिव?"

मी दारात आले. "कुठल्या माडाला?"

"काल भाऊ म्हणाले, आमचे माड आसत, खताक होये. म्हणान दिलंय. नायतर कुसलेली मासळी मी कोणाच्या घरात दितंय?" ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिच्या ध्यानात आलं. तिने पदर नाकाला लावला. "गो बाय माझ्या! रांधलात?"

मामंजी कागदावरची पूड सारखी करत राहिले.

आतून सासूबाई भिंतीला धरून आल्या. तोंड अजून सुजलेलं होतं. त्या मामंजींसमोर उभ्या राहिल्या.

"तुमका ठावक होता?"

"शिजवल्यावर सगळं शुद्ध होतं," मामंजी म्हणाले.

"मगे हिच्याकडना आजून घेवा. आज तुमी रांधा, तुमीच खावा."

सासूबाईंनी खुंटीवरची बाजाराची पिशवी काढली आणि माझ्या हातात दिली. "आजपासना बाजार आमी करतलो."

पहिल्या दिवशी मी ती पिशवी राखेने तीनदा घासली.

नंतर आम्हीही काटकसरच केली, कारण पेन्शन वाढली नव्हती. होड्या किनाऱ्याला लागताना जाऊन स्वस्त, पण ताजे बांगडे घ्यायचे आणि त्याच दिवशी मिठाला लावायचे. न्हाणीचं पाणी अळवाला सोडायचं. महिन्याअखेर पैसे उरू लागले. मामंजींना ते दिसत होतं, पण कबूल करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्या दिवशी काही चुकलं असंही ते कधी म्हणाले नाहीत. फक्त पुढे कित्येक वर्षं, मी मासळीचं पान वाढलं की ते आधी माझ्या पानाकडे बघत. मी पहिला घास घेतल्याशिवाय त्यांचा हात हलत नसे.