कपाटामागची भिंत

सुमे, हातातलं काम ठेव आणि जरा ऐक. 'आई, तुझ्याकडे आलं की माझ्या चिनूला खोकला लागतो' म्हणून वर्षभर फिरकली नाहीस, हे काही बरं नाही हं.

गेल्या महिन्यात कपाटातून शाल काढली, तर तोच कुबट वास. आणि मला तू सहा वर्षांची दिसलीस. तेव्हाही कोपरच्या याच तळमजल्यावरच्या घरात भिंतीला ओल आली होती. पाहुणे येणार म्हणून मी त्या डागापुढे कपाट सरकवलं. तू तिथेच झोपायचीस. पावसाळाभर खोकलीस आणि मी दोष दिला तुझ्या त्या बर्फाच्या पेप्सीकोल्याला. शेवटी तुझ्या बाबांनी कपाट ओढलं. मागे सगळी काळी बुरशी.

"आई, भिंतीला मिशा आल्या," तू म्हणालीस.

बाबा हसले नाहीत. "डाग लपला गं, पण पोर तोच वास घेत होती."

तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आता तसं बोलणारंही घरात कुणी नाही.

या वेळी भिंतीतला गळका पाइप बदलून घेतलाय. भिंत खरवडून वाळवलीय, कपाट वीतभर पुढे आहे, खिडक्या दिवसभर उघड्या असतात. वास गेला असं वाटतं, पण माझ्या एकटीच्या नाकावर काय भरवसा? चिनूला घेऊन लवकर ये, आणि भिंतीजवळ उभी राहून तूच सांग.